आईनं पोतारलेली चूल

माझा शाबूकंदाचा, म्हंजे साबुदाणा करत्यात त्या कंदाचा, धंदा सुरू झाला तो चुलीवर, खरं सांगतो! निरगुडसरात सगळे हसत व्हते, "ह्या मुळांचं काय करणार?" म्हून. मी बी हट्टाला पेटलो. निम्मे कंद किसले, पाण्यात कालवले, धोतरातून गाळले आणि सत्त्व तळाला बसावं म्हून घंगाळ रातभर झाकून ठेवलं. सकाळी बघतो तर घंगाळ पालथं.

"आई, तळाचं पांढरं कुठाय?"

"ती पांढरी माती व्हय? चूल पोतारली की. लई झ्याक दिसतीया."

मी कपाळावर हात मारला. आईनं जाळ घातला तसा चुलीला पापडासारखा पापुद्रा सुटला. तेवढ्यात जुन्नरला कागद करणारे रहिमानचाचा चिंध्या गोळा करत दारात आले. त्यांनी तो पापुद्रा सोलला, उजेडात धरला, त्यावर बोट फिरवलं.

"राव, असलीच खळ माझ्या कागदाला पायजे. शाई पसरायची न्हाई. अजून हाय का?"

"सगळी चुलीवर गेली, चाचा."

आईनं पदर खोचला आणि किसणी माझ्या हातात दिली.

"बस किसायला. आता चूल नाय, कागद पोतारायचाय."