फिंजान आणि आगीचं बटण

...आणि का ते विचारायचं नाही, म्हणे! तुम्हाला सांगते, आमच्या घरात दुसरं काहीही विचारा, पगार विचारा, वजन विचारा, आत्याचा नवरा हल्ली कुठे असतो तेसुद्धा विचारा, पण हे एक विचारायचं नाही. पाहुण्याने कॉफीचा फिंजान, तो बिनकानाचा एवढासा कप, तोंडाला न लावता तसाच समोर ठेवला, की यजमानाने एवढंच म्हणायचं, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते झालं समजा." काय हवंय ते त्यानंतर कळणार. आधी हो, मग काम! मी लहान असताना एकदा विचारलं होतं, की समजा त्याने आपलं घरच मागितलं तर? मोठ्या काकांनी, अबू हायेलनी, माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही घर मीच मागितलंय. म्हणाले, "अरीज, खानदानी माणूस नको ते मागत नाही, आणि खानदानी माणूस विचारत नाही." झालं. फिंजान खाली, विषय संपला.

त्या फिंजानाने आमच्याकडे काय काय केलंय म्हणता? लग्नं ठरवलीत, लग्नं मोडलीत, गाडीखाली आलेल्या माणसाचं भांडण मिटवलंय, ते चांगलंच, त्याला मी नाही म्हणत नाही. पण शेजाऱ्याच्या शेळ्या आमच्या द्राक्षांच्या मळ्यात अख्खा उन्हाळा चरल्या त्यासुद्धा फिंजानामुळेच. बाबा बिचारे "झालं समजा" म्हणून बसले, आणि शेजारी कॉफी पिऊन, मिशा पुसून म्हणाला, "शेळ्यांचं बोलायचं होतं." आता काय करता? बाबा संध्याकाळी गच्चीवर उभे राहून शेळ्यांकडे बघायचे आणि शेळ्या बाबांकडे.

ते जाऊ दे. मी माझं सांगते. तुम्हाला माहीतच आहे, मी विमान चालवते. लहानसं. अम्मान ते अकबा, अकबा ते अम्मान, वर गेलं न गेलं तोच खाली, आई म्हणते तुझ्या विमानापेक्षा माझा कुकर जास्त वेळ वर असतो. आणि आता कंपनीने मला मोठ्या विमानासाठी निवडलं! म्हणजे लगेच चालवायला नाही हो, आधी शिकायला. नवं विमान म्हटलं की सगळं नव्याने शिकायचं, मग बनावट कॉकपिटमध्ये परीक्षा, नापास झालात तर परत शेळ्यां... परत अकब्याला. तुकडी रविवारी सुरू होणार. एखाद्याने जागा सोडली तर प्रतीक्षायादीतला पुढचा आत, आणि सोडणाऱ्याला पुढची तुकडी. पुढची तुकडी कधी? आमच्या कंपनीत त्याला एकच उत्तर आहे, "इन्शाअल्ला." म्हणजे तुम्ही समजलात.

तर मी तयारीला लागले. आता लोकांना वाटतं तयारी म्हणजे पुस्तक वाचायचं. पुस्तकं आहेतच, एकेक पुस्तक डोक्यात घातलं तर माणूस मरेल आणि डोक्यात नाही घातलं तर प्रवासी मरतील. पण खरी अडचण हाताची असते! माझ्या जुन्या विमानात सुकाणू समोर, दोन गुडघ्यांच्या मध्ये. नव्यात ते नाहीच, उजव्या बाजूला एक छोटी काठी, बस. माझा हात आपोआप समोर जातो आणि समोर काही नाही! एवढं मोठं विमान आणि मी हवेत हात फिरवतेय, कणीक मळल्यासारखी. मग मी उपाय केला. कॉकपिटचं खऱ्या मापाचं कागदी चित्र मिळतं, ते आमच्या पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला चिकटवलं, कारण सल्त गावातल्या आमच्या घरात तेवढी लांब भिंत तीच. आजोबांचा फोटो उतरवला, त्यांच्या जागी वेग आणि उंची. समोर दोन खुर्च्या. उजव्या हातात आईची आमटी वाढायची डाव, डाव्या हाताला कॉफी कुटायचं मुसळ, ते म्हणजे इंजिनाचा दांडा, आणि चाकं खाली सोडायला जातरच्या मसाल्याची बरणी. छताचा, सगळ्या बटणांचा भाग मात्र आई छताला लावू देईना, म्हणे नवा रंग आहे, म्हणून तो मधल्या बुटक्या टेबलावर पसरला. हे टेबल लक्षात ठेवा.

पण हे विमान दोघांचं असतं. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने करायची आणि उत्तर द्यायचं. मग वाचायला कोण? बाबा डाव्या खुर्चीत बसले की झोपतात. आईला बसवलं. आई वाचते, "इंधन?" मी म्हणते, "पुरेसं." आई म्हणते, "पुरेसं म्हणजे किती, नीट बघ, तुझं नेहमीचं आहे हे, मीठसुद्धा तू असंच घालतेस." असं करत करत धावपट्टीवर पोचेपर्यंत आमचा भात लागला.

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, वाचायला आले मोठे काका. हेच ते, अबू हायेल. तोफखान्यातून निवृत्त, आवाज असा की कबुतरं उडतात. रोज चपला फटफटवत यायचे, "चल, कुठपर्यंत आलं तुझं?" म्हणायचे, चष्मा लावायचे आणि सुरू. "इंजिनाला आग!" असे एकदा ओरडले की शेजारची उम्म फव्वाझ पाण्याचा पाइप घेऊन थेट खोलीत. पण वाचायचे बरं का, अक्षर न् अक्षर. आणि त्या आगीवरूनच आमचं बोलणं झालं. कारण आगीच्या बटणाचा नियम असा, की कितीही घाई असो, बोट नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही, आणि मोठ्याने विचारायचं, "पहिलं इंजिन, बरोबर?" दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग म्हणायचं, "बरोबर." मगच दाबायचं. नाहीतर घाईत एखादा चांगलंच इंजिन बंद करून बसेल आणि जळतं चालू.

काका म्हणाले, "आणि कॅप्टन न विचारता दाबायला निघाला तर?"

मी म्हटलं, "मी अडवायचं."

"तू? कॅप्टनला? वयाने मोठा असला तरी?"

"मोठा असला तर आधी अडवायचं, काका. मोठ्यांना कुणी अडवत नाही म्हणून तर हा नियम केलाय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "आमच्या तोफखान्यात असा नियम नव्हता." आणि पान उलटलं. मग, "असो. वाचतो पुढचं." मला वाटलं, चला, निदान एका म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. काय शिरलं? काही नाही शिरलं!

कारण आठवडा संपायच्या आत काकांच्या घरी आले अबू मुहन्नद, आमच्या गावचेच, मुहन्नदचे वडील. चांगले कपडे, गंभीर चेहरा. काकूंनी कॉफी दिली, यांनी फिंजान खाली ठेवला. काकांना वाटलं अंजिराची रोपं हवी असतील, मागच्या वर्षीपासून मागत होते. म्हणाले, "कॉफी घ्या हो, झालं समजा!" अबू मुहन्नदनी कॉफी घेतली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "माझा मुहन्नद प्रतीक्षायादीत पहिला आहे. घरी बायको, दोन लेकरं. तुमच्या पोरीने जागा सोडली तर त्याचं काम होईल. ती काय, लहान आहे, तिला पुढच्या तुकडीत मिळेल." काकू सांगत होत्या, काकांचा चेहरा असा झाला, जशी काही पायाखाली तोफ सुटली. पण शब्द गेला तो गेला. फिंजान खाली, विषय संपला. विषय कोण? मी! माझी जागा, माझे हात, माझी डाव, माझी बरणी, आणि कॉफी पिणारे भलतेच!

मला वाटलं काका मला बाजूला घेऊन सांगतील, चुकलं माझं पोरी, काय करूया. छे! शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दार वाजलं. बघते तर जाहा! म्हणजे काही मागायला वडीलधाऱ्यांची मंडळी वाजतगाजत येते ना, ती. मधे काका, काळा झगा, लाल चौकड्यांचा रुमाल, जे रोज याच घरात बनियनवर येतात ते! शेजारी अबू मुहन्नद. त्यांच्या मागे काकांचे सासरे, आणि एक गृहस्थ ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, बहुधा दाढी शोभते म्हणून आणलेले. मी हातात डाव घेऊन उभी, कारण मी नुकतीच उतरायच्या बेतात होते, चाकं खाली, बरणी खाली.

सगळे बसले. बाबांनी कॉफी ओतली, आधी काकांना. काकांनी फिंजान घेतला आणि तोंडाला न लावता ठेवला. कुठे ठेवला? बुटक्या टेबलावर. छतावर. बरोबर पहिल्या इंजिनाच्या आगीच्या बटणावर! त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनी ठेवले, एक इंधनाच्या पंपावर, एक विजेवर, आणि दाढीवाल्यांनी विचार करून प्रवाशांच्या ऑक्सिजनवर.

बाबांचं तोंड सवयीने उघडलंच होतं, कॉफी घ्या म्हणायला. मी म्हटलं, "बाबा, शेळ्या." बाबांनी तोंड मिटलं.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज आम्ही तुझ्या वडिलांकडे नाही, तुझ्याकडे आलोय, अरीज. तू म्हणायचंस."

आता सांगा, सल्तमध्ये कधी कुणी मुलीसमोर फिंजान ठेवलाय? चार चार म्हातारे! किती मोठा मान! दाराआड आई मला खुणा करतेय, म्हण, म्हण, नंतर बघू. आणि खरं सांगू? म्हणावंसं वाटलं हो. क्षणभर. कारण समोर काकांचे हात दिसत होते. रोज ज्या हातांनी माझी यादी धरली ते हात. नाही म्हटलं तर या माणसाचा शब्द पडतो, उद्या बाजारात लोक म्हणणार, अबू हायेलची कॉफी थंड झाली. आणि हो म्हटलं तर मी अकब्याला, आणि पुढची तुकडी इन्शाअल्ला.

मी अबू मुहन्नदना विचारलं, "काका, मुहन्नदने तुम्हाला पाठवलं?"

ते फिंजानाकडे बघत म्हणाले, "त्याला... त्याला अजून सांगितलं नाही. आनंदाची बातमी म्हणून सांगणार होतो."

घ्या! म्हणजे ज्याला द्यायचं त्याला विचारलं नाही, जिच्याकडून घ्यायचं तिला विचारलं नाही, आणि जो देऊन बसला त्याने काय देतोय ते विचारलं नाही. तीन इंजिनं आणि तिन्ही बंद!

मी डाव खाली ठेवली. टेबलाजवळ बसले, आणि काकांच्या फिंजानाला बोट लावलं. उचलला नाही, नुसतं बोट ठेवलं. आणि विचारलं, "अरीजची जागा मुहन्नदला. बरोबर?"

काकांनी मान वर केली. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, खोलीत फक्त त्यांनाच कळलं.

मी म्हटलं, "सांगा ना काका. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग म्हणायचं. रोज म्हणता. बरोबर?"

काकांनी बटण पाहिलं, मला पाहिलं, भिंतीवरचं ते भलंमोठं कागदी विमान पाहिलं. 'बरोबर' काही म्हणाले नाहीत.

"मग मी अडवते," मी म्हटलं. "तुमचा मान राखून सांगते, तुम्ही चांगलं इंजिन बंद करताय. मी जागा सोडणार नाही. रविवारी मी जाणार. कॉफी घ्यायची तर घ्या, नाही घ्यायची तर नका घेऊ, पण मी 'झालं समजा' म्हणणार नाही. आजही नाही, आणि तुम्ही कपांची रांग लावलीत तरी नाही."

आईच्या कुकरने शिटी दिली, त्यानेसुद्धा सगळे दचकले. अबू मुहन्नद सासऱ्यांकडे बघायला लागले. सासरे दाढीवाल्यांकडे. दाढीवाले तर मुळात बोलायला आणलेलेच नव्हते. आणि काका, ज्यांच्या आवाजाने कबुतरं उडतात ते काका, हाताची घडी घालून भिंतीवरच्या विमानाकडे बघत.

आणि आता खरी पंचाईत ऐका. काम झाल्याशिवाय त्यांना कॉफी पिता येत नाही, आणि कॉफी न पिता उठणं म्हणजे आयुष्यभराचं वैर. मग करायचं काय? बसले! नुसते बसून राहिले, माझ्या दोन खुर्च्यांच्या मागे, ओळीने, झगे सावरून. आणि माझी परीक्षा तोंडावर, विमान अर्धवट उतरलेलं, यादी वाचणारा रुसलेला. मी किती वेळ थांबणार? शेवटी खुर्चीत बसले, उजव्या हातात डाव घेतली, डाव्या हातात मुसळ, आणि माझी मीच यादी वाचत इंजिनं सुरू केली. काय करता, असतं एकेकाचं नशीब... मोठ्या विमानातलं माझं पहिलंच उड्डाण, मागे चार प्रवासी, चौघेही रागावलेले, आणि कॉफी कुणीच घेतली नाही.