आत्याची लाल बोटं

गाडी मागं घेण्याआधी मी खाली उतरून बघतो, म्हणून हसता ना? मग ऐका.

दसऱ्याला राहात्यात आमच्या नव्या गाडीची पूजा होती. त्यासाठी मिरजगावहून आत्या आलेली. आदल्या दिवशी मी तिला मागचा कॅमेरा कौतुकानं दाखवलेला. पूजा तिनंच केली. मला वाटलं, आटोपलं. बसलो आणि रिव्हर्स टाकला, तर समोरच्या स्क्रीनवर नुसतं लालेलाल. म्हटलं, पहिल्याच दिवशी बिघाड! आरशात बघावं, तर आरशांवर झेंडूच्या माळा. तरी शोरूमवाल्याला शिव्या देत मी गाडी मागं सोडलीच.

ओट्यावरून बायको किंचाळली, "अहो, आत्या!"

करकचून ब्रेक दाबला आणि मागं धावलो. आत्या चाकाशेजारी उकिडवी बसलेली. चाकाखाली लिंबू चिरडलेलं, आणि तिची बोटं लालभडक.

मी झटकन तिचा हात धरला.

"आत्या, बोटं..."

"काय झालंय बोटांना? लिंबू ठेवत हुते. हात काढला म्हनून वाचले. येवढी कसली घाई रं तुला?"

"मग हे रक्त?"

"रक्त कुठलं? कुंकू हाय ते."

"एवढं कुंकू लावलंस कुठं?"

तिनं मागच्या कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"तूच म्हनलास न्हवं, गाडीचा मागचा डोळा हाय म्हनून? मग पयलं त्यालाच लावलं. चांगलं भरून."