होक्याखालची पेटी

नको, नको, टेबलावर नको ठेवूस तो होका — अगं ठमाबाई, फडकं ओलं आहे तुझं, खवले चिकटलेत त्याला, आणि इथे माझे रेडिओचे व्हॉल्व्ह मांडलेत! शी! तिकडे, दाराशी, स्टुलावर ठेव. आणि टोपली बाहेर. मांजर खाईल? खाऊ दे. बारा वर्षं आमच्या घरी मासळी घालतेस, घरी मला वास येत नाही, दुकानात येतो — हसू नकोस. नाही, तू हसत नाहीयेस, दिसतंय मला. हं. म्हणजे आज संध्याकाळी बसणार तुमचे पंच. महिपतची तांडेलकी, बोट हाकायचा मान, राहतो की जातो, ते आज ठरणार. आणि तुझं म्हणणं काय, तर होकाच बिघडलेला होता, असं मी येऊन पंचांना सांगावं. नवऱ्यासाठी आलीस, ठीक आहे. पण बिघडलाय का ते आधी बघू. हे बघ — फिरवला. सुई कुठे गेली? परत जागेवर. पुन्हा फिरवला. परत जागेवर. उत्तर उत्तरेला आहे, पलीकडची कोपरी गावाच्या जागी आहे. होका चांगला ठणठणीत आहे. मग बोट खडकावर घातली कुणी? मी घातली?

मुळात त्या बोटीवर मी पाय ठेवला हीच माझी चूक. सहदेवशेठनं आपल्या बोटीला इंजिन बसवलं, अख्ख्या चेंदणीत पेढे वाटले, मग माझ्याकडे आला — हरिहरभाऊ, दिवे पायजेत, रेडिओ पायजे, वाऱ्यावादळाची बातमी ऐकाया. बातमी! बातमी कोण ऐकतंय, सकाळपासून सिलोनची गाणी! तरी म्हटलं, करू. लढाईच्या काळात चार वर्षं मुंबईच्या गोदीत वायरमन होतो मी, लढाऊ जहाजांवर काम केलेलं आहे. जोडाला डाख, वर लाख, वर पट्टी, तसंच केलं तुमच्या बोटीवर. रेडिओ इंजिनाशेजारी, स्पीकर लांब पुढे नाळेवर, मधे वीस हात वायर, कशी सरळ, बघत राहावं अशी. आणि आठ दिवसांनी जाऊन बघतो तर काय? वायरीवर बोंबील! जोडीजोडीनं, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून, वाळत घातलेले! माझ्या वायरीवर! खारं पाणी ठिबकतंय, तांबं हिरवं पडलंय, माश्या घोंघावतायत. ओरडलो, काढायला लावले, जोड नवा केला. पंधरा दिवसांनी पुन्हा बोंबील, आणि शेजारी कुणाची तरी लंगोटी. तिसऱ्यांदा गेलो ना, तेव्हा किळस आली मला, खरं सांगतो. म्हटलं, मरा. खेचली सगळी वायर, गुंडाळली, दिली खाडीत भिरकावून. आणि स्पीकर उचलून मागे आणला, सुकाणूपाशी, आणि दोन स्क्रूंत बसवून टाकला. भोकं आयती होती, दहा मिनिटांचं काम. — कुठल्या फळीला म्हणजे? होक्याच्या. खालच्या अंगाला. मग त्या गलिच्छ बोटीत दुसरी कोरडी फळी होती कुठे?

तू त्या पेटीकडे काय बघतेस? हो, तोच स्पीकर. फुटक्या बोटीतून काढून सहदेवनं आणून टाकलाय दुरुस्तीला. हात नको लावूस. आत कागदाचा शंकू असतो, मागे हा एवढा लोहचुंबक, तुला काय कळणार त्यातलं? महिपतला तरी काय कळत होतं! मी स्क्रू आवळतोय आणि हा मागून म्हणतो, ‘भाऊ, या पेटीपायी सुई नाचते, जरा पल्याड लावा ना.’ मला म्हणतो! मी म्हटलं, अरे महिपत, तू मला शिकवणार? सुई चुकत नाही, माणूस चुकतो. सगळ्या खलाशांसमोर म्हटलं. हसले सगळे. तो पण हसला जरासा — म्हणजे खाली बघून.

आता मला ठाऊक नव्हतं असं नाही. गोदीत एकजण होक्यापाशी साधा लोखंडी पाना विसरला, तर त्याला माझ्या देखत घरी पाठवला होता. ठाऊक होतं गं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊन हलवू. पण पुन्हा त्या बोटीत उतरायचं म्हणजे ते तेल, ती सडकी जाळी, पाय टाकाल तिथे पचपच — आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पडलं ना धुकं.

आणि धुक्यात महिपतला होका लागतो कशाला, हे सांग मला! दोरीला शिसं बांधून खाली सोडतो, बुडाचा चिखल वर येतो, तो जिभेला लावतो आणि सांगतो, आता अमुक ठिकाणी आलो. चिखल चाखतो! शी! मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि कधी चुकला नाही. मग त्या सकाळी का नाही चाखला? तुमचा तो नाथा खलाशी इथे येऊन बसला होता, त्यानं सांगितलं. म्हणाला, तांडेल बोलला, वाट काय ही बरोबर वाटत नाय मला, पण हरिहरभाऊ बोललेत, सुई चुकत नाय. आणि गेला सुईमागे. बूड फाटलं, माणसं पोहून वाचली, आणि आता गाव म्हणतं, प्यायला होता. महिपत! हळदीच्या रात्री पण दारूला हात न लावणारा माणूस! आणि आधी एकदा पंचांनी विचारलं तर माझं नाव नाही घेतलं म्हणे त्यानं. का? घ्यायचं होतं! कुणी सांगितला होता हा मोठेपणा? मला ह्या असल्या गोष्टींचीच चीड येते.

मी येणार नाही, स्पष्ट सांगतो. तुमच्या बंदरावर उभा राहून काय सांगू? बोंबलांची किळस आली म्हणून — उद्या दुकानाची पायरी कोण चढेल? — काय करतेस? ठमाबाई, होका तिथेच राहू दे. पेटीजवळ नको नेऊस. अगं, नको नेऊस म्हटलं ना!

झालं? फिरली ना सुई? उत्तर सोडून पेटीकडे बघत बसली. — आता लांब कशाला नेतेस? लांब नेलीस, सरळ झाली. जवळ आणलीस, वाकडी झाली. पुरे. मला काय दाखवतेस, मला ठाऊक आहे सगळं!

अगं, पेटी कुठे नेतेस? सहदेवची आहे ती — टोपलीत? मासळीवर? अगं, वायर भिजेल, शी शी शी! पंचांना दाखवणार? तू? बाईमाणसाला बोलू देतील तिथे? बोलायचं नाही, नुसती सुई फिरवून दाखवणार — हं. मग मला तरी बोल. आल्यापासून एक वाकडा शब्द नाही. शिव्या दे ना, कोळीण ना तू?

हे काय? हे पापलेट पायरीवर कशाला ठेवलंस? रोजचं म्हणून? आज? उचल. नको मला. उचल म्हणतो ना, ठमाबाई!

बरं, जा. जा तू. आणि दार उघडंच राहू दे, वास कोंडलाय नुसता. — नाही गं, मासळीचा नाही. जा.