तानाक्काचं शिकणं

बेळगुंदीच्या तानाक्काचं सांगितलं न्हाय व्हय तुम्हाला? आम्ही बेळगावात सुईणीचं काम शिकत होतो, तेव्हा ही साठीची बाई आमच्या वर्गात आली. निम्म्या गावाची बाळंतपणं तिनंच केलेली.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाळ कापायची कात्री आधी उकळायची. नाहीतर बाळाला धनुर्वात होतो."

तानाक्कानं विचारलं, "सातव्या-आठव्या दिशी पोर आकडतंय, त्यो?"

"हो, तोच."

तिनं समोरची कात्री उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "मी इळ्यानं कापत आले, बाई. आनि बोल सटवीला लावला."

आम्हाला वाटलं, ही काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर! सोबत पिरनवाडीची सुईण.

"हिलाबी शिकवा, बाई," तानाक्का म्हणाली. "माझं बघूनच शिकलीया ही."