मी फक्त अभ्यास केला!

...आणि वर म्हणे, विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या परिचयात 'संशोधनाची आवड' या रकान्यात काहीतरी चालू, जिवंत लिहा! आता जिवंत कुठून आणू, तुम्हीच सांगा! पहिल्यांदा एका पक्षावर प्रबंध लिहिला... वर्षात पक्ष फुटला. दुसऱ्यावर पुस्तक काढलं, त्याची मान्यताच गेली. मग पक्ष नकोच बाबा म्हणून डोंगरातली एक शेतकरी चळवळ धरली, पंधरा वर्षांची, ठणठणीत... पहिली मुलाखत घेतली नि नेत्यांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं! मी काही केलं का हो? मी फक्त अभ्यास केला!

पण अख्ख्या मलांग जिल्ह्यात बोंब झाली ना! आमच्या गावात सरपंचकीला उभे असलेले तुकिरानभाऊ मँगोस्टीन फळांची टोपली घेऊन दारात! 'सुगेंगसर, काम एवढंसंच आहे... आमच्या विरोधकाचा जरा अभ्यास करा ना!' हाकलून दिलं. टोपली राहिली, तो भाग वेगळा.

इकडे आमच्या राज्यशास्त्र विभागाच्या कारकून एन्दांगबाई टेबलापाशी उभ्या. 'गुरुवारपर्यंत तुमचा परिचय वेबसाइटवर चढला नाही, तर कायम नोकरीचा कागद पुढे सरकत नाही हं, सर.' अहो, अकरा वर्षं हंगामी आहे मी! अकरा! घरी येऊन नुसत्या चकरा मारतोय... तेवढ्यात आई बाजारातून टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकून आली. म्हटलं, आई, 'पार्श्वभूमी'त काय लिहू गं? 'लिही की, टेंपेवालीचा मुलगा! लाज वाटते?' आणि आवड? तर छातीवर हात मारून म्हणते, 'माझा कर अभ्यास! बावीस वर्षं बाजारातल्या बायकांच्या संघाची अध्यक्ष आहे. बघू कोण हलवतं मला!'

'आई, नको गं...'

'लिही म्हणते ना!'

लिहिलं. तुम्हाला सांगतो, एकच मुलाखत घेतली, तीही भात खाताखाता. पण बाजारात कुजबुज सुरू, 'आता ही पुस्तकात जाणार, आपली गाऱ्हाणी कशाला ऐकतेय!' मंगळवारी संघाची निवडणूक झाली... आणि मिरचीवाली सुमिनाह निवडून आली! आई रिकाम्या टोपलीकडे बघत बसली, माझा जीव तुटला हो. पण मी काही केलं का? मी फक्त...

जाऊ दे. नोकरी कायम झाली. डीनसाहेब पाठ थोपटून म्हणाले, 'तुमच्या संशोधनाचा समाजावर थेट परिणाम होतो!'

आणि आई? दुकान मावशीकडे दिलं, आता दिवसभर घरात. मसाले कुठे ठेवायचे, मी कधी उठायचं, कुठला शर्ट घालायचा... ठराव तीच मांडते, तीच मंजूर करते. काल तुकिरानभाऊ हळूच म्हणाले, 'सर, मग आता घरच्या सरकारचा अभ्यास करा की!' केला असता हो... पण तिनं आधीच बजावलंय, 'वही काढलीस तर जेवण बंद!'