मांडवावरून गेलेला नवरदेव

पुलगावच्या फलाटावर आर्वीच्या छोट्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर बाशिंग बांधलेला नवरदेव आणि त्याला न्यायला आलेला नवरीचा मामा.

"मामाजी, मुंबई ते नागपूर तीन तासात उडत आलो!"

"मंग काल मुहूर्ताले काऊन नाई आले?"

"विमान उशिरा सुटलं. मंग इथं छोटी गाडी चुकली."

"मुहूर्तावर तुमचं विमान आमच्या रोहणा गावच्या मांडवावरूनच गेलं, जावईबापू."

"मंग?"

"मंग का? भटजीनं वर बोट दाखवलं, लोकायनं अक्षता वर फेकल्या."

"म्हंजे लगन लागलं?"

"लागलं नं. पन विमानात मानसं किती होते?"

"वीस."

"थेच तं! आमची नवरी नलू म्हन्ते, विसायले बी आना, नवरा कोनता थे मी पाहून सांगीन."