माझं टेबल साहेबांकडे आहे

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. आईने बजावलंय, "निकाल लागेपर्यंत तोंडाला कुलूप!" आता निकाल लागला, पण कुलूप काढ असं काही ती म्हणाली नाही... तरी तुम्हाला सांगते, नाहीतर मी फुटेन! वर्गात मला 'मुकी' म्हणतात. म्हणोत. मी गप्प बसते. मला गप्प बसता येतं.

आमच्या घरी खोली एक, टेबल एक, आणि त्यावर दिवसभर आईचं शिलाईचं मशीन. परीक्षा तोंडावर. अभ्यास काय जिन्यात करू? कोपऱ्यावर सरकारी वाचनालय आहे, तिथे खिडकीजवळ माझं टेबल होतं. एके दिवशी जाते तर दाराला टाळं! पहारेकऱ्याला विचारलं, तर म्हणतो, "मला काय विचारतेस? मी फक्त टाळं राखतो."

म्हणून आईने माहिती अधिकाराचा अर्ज केला: वाचनालय का बंद आहे? आणि उत्तर काय यावं? "सदर माहितीचे कागद वाचनालयातील कपाटात असून, वाचनालय बंद असल्याने माहिती देता येत नाही." अहो, हे लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही? आईने मला आधी पाणी दिलं, मग स्वतः प्यायली. मी गप्प बसले. मला गप्प बसता येतं.

मग अपील! सुनावणीला गेलो, तर समोर कोण? ज्यांनी ते उत्तर लिहिलं तेच साहेब! मधल्या काळात बढती मिळाली होती. आई म्हणाली, "तुमच्या उत्तराची तक्रार तुमच्याकडेच करायची?" तर चष्मा पुसत म्हणतात कसे, "ताई, ते उत्तर मी त्या खुर्चीवरून दिलं. या खुर्चीवरून मी ते तपासतोय. आणि अगदी तटस्थपणे सांगतो, उत्तर उत्तम आहे!" शेजारचा कारकून लगेच, "मुद्देसूद आहे, साहेब!"

माझी कानशिलं तापली. मी कोपर टेकलं... आणि साहेबांचं टेबल डुगडुगलं. ही डुगडुग माझ्या ओळखीची! वाकून पाहते तर आखूड पायाला माझ्या जुन्या चपलेचा निळा तुकडा, मीच सुतळीने बांधलेला! आणि मी, मुकी, चक्क ओरडले, "हे माझं टेबल आहे!"

साहेब दचकतील? छे! "वाचनालयाचंच आहे, बाळ. हल्ली अपिलं फार येतात, ती ऐकायला बसायचं कुठे? म्हणून सामान इकडे आणलं. आणि सामानच नाही, तर वाचनालय उघडून करायचं काय?"

आई ताडकन उठली. "हेच तर विचारलं होतं! द्या लिहून!"

"तोंडी सांगितलं ना? लेखी द्यायचं तर कागद बघावे लागतील. कागद कपाटात."

काल निकाल आला. अपील मंजूर! आई मशीन सोडून नाचायलाच लागली, मग खालची ओळ वाचली: "अर्जदाराने कागद स्वतः पाहावेत, वाचनालयात, वाचनालयाच्या वेळेत."

आता सांगा, राग कुणावर काढू? टाळ्यावर? म्हणून मी ठरवलंय, आईकडून अर्जावर अर्ज, अपिलावर अपील करून घ्यायचं! निदान सुनावणीपुरतं तरी माझ्या टेबलाशी बसता येईल, भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन...

"अगं ए, टेबल मोकळं कर, मशीन ठेवायचंय! आणि बोलतेस कुणाशी?"

कुणाशी नाही गं आई, उठले! मी गप्पच आहे. मला गप्प बस—